ग्राइंडर बंद

वरच्या खोलीतला कानडी भाडेकरू जिना कधी चालत उतरला नाही. कॉम्प्युटरच्या पडद्यावर उघडलेल्या खिडक्या नीट लावणारा प्रोग्राम तो स्वतः बांधत होता, तोही फुकट वाटायला. मला ते वेडच वाटायचं. प्रोग्राम तयार व्हायला तासन् तास लागायचे. मध्येच मी ग्राइंडर लावला की फ्यूज उडायचा आणि त्याचं सगळं पहिल्यापासून.

त्या दिवशीही तो धावत आला. "अक्का, ग्राइंडर नको! स्वल्प थांबा, आज होणारच!"

"तांदूळ भिजलेत, ते थांबतात का?" म्हणत मी दगडी रगड्यावर बसले.

दुपारी तो वरून ओरडला, "अक्का, झालं! लवकर या!" गुडघे विसरून मी वर गेले. त्याने मला एक बटण दाबायला लावलं. एकमेकींवर पडलेल्या खिडक्या झटकन फळीवरच्या डब्यांसारख्या ओळीत बसल्या. मी पुन्हा दाबून बघितलं.

"छान आहे. पण ह्यातली चालू कोणती? तिला हळदीसारखी पिवळी कड लाव."

"सरी अक्का, लावतो!" तो तसाच पुन्हा बांधायला बसला.

खाली उडदाची डाळ वाटायची राहिली होती. मी ती आपणहून रगड्यात टाकली.