सुरेखाताईंचं मोकळं झालेलं नाक

सुरेखाताई डोकं हलू नये म्हणून लावतात तो जाळीचा मास्क लावून टेबलावर झोपल्या होत्या. एक्स-रे जुळला होता, स्क्रीनवर सगळं हिरवं होतं, आणि मी टेक्निशियनला म्हटलं, "बीम सोडू नकोस."

पुरावा काहीच नव्हता, नुसती एक शंका होती.

मी मेडिकल फिजिसिस्ट आहे. रेडिएशन कुठे आणि किती द्यायचं ते कॅन्सरचे डॉक्टर ठरवतात. ते नेमकं तिथेच पोहोचेल याचं गणित मी करते. स्वभावाने शंकेखोर. डोंबिवलीत घराला कुलूप लावून निघाले की अर्ध्या रस्त्यातून गॅस बघायला परत येते. घरचे यावर यथेच्छ हसतात. कामात मात्र हाच स्वभाव लागतो.

सुरेखाताई दिवा स्टेशनजवळ राहायच्या. घरीच ब्लाउज शिवायच्या. नाकाच्या मागे, कवटीच्या तळाशी गाठ होती. ऑपरेशन झालं, पण गाठीचा थोडा भाग काढता आला नाही. डाव्या डोळ्याची नजर तोवर गेलेलीच होती. उजव्या डोळ्याची नस उरलेल्या गाठीपासून काही मिलिमीटरवर होती. गाठ नष्ट करायची आणि हा एक डोळा राखायचा, म्हणून त्यांना आमच्याकडे ठाण्याला प्रोटॉन रेडिएशनसाठी पाठवलं होतं.

नेहमीच्या रेडिएशनमध्ये एक्स-रे शरीरात शिरतात आणि पलीकडून बाहेर पडतात. वाटेत पुढे-मागे जे असेल त्याला थोडा थोडा मार बसतोच. प्रोटॉन तसा नाही. तो आत जाताना हळूहळू वेग गमावतो, थांबण्याच्या अगदी आधी बहुतेक ऊर्जा ओतून टाकतो आणि तिथेच संपतो. तो कुठे थांबणार हे वाटेत काय आहे त्यावर ठरतं. वाटेत पाणी असेल तर लवकर थांबतो. हवा असेल तर पुढे जातो.

त्या दिवशी त्यांचा सातवा डोस होता. सकाळी कॉरिडॉरमध्ये सुरेखाताईंनी मला विचारलं होतं, आज लवकर सुटका होईल का. मी हो म्हणून पुढे गेले. केबिनमध्ये बसल्यावर काहीतरी खटकत राहिलं. ट्रीटमेंट आखण्यासाठी आधी सीटी स्कॅन करतात, त्या प्लॅनिंगच्या सीटीच्या दिवशी या बाई गेंगाण्या आवाजात बोलत होत्या. आज आवाज स्वच्छ होता. आणि आमचे दोन्ही बीम, प्रोटॉनचे झोत, नाकाच्या बाजूच्या पोकळीतून, म्हणजे सायनसमधून, आत जात होते. सीटीमध्ये ती पोकळी भरलेली दिसली होती. ऑपरेशननंतरची सूज असेल, ती काही लगेच उतरत नाही, असं मी धरून चालले होते. मी उठले आणि कंट्रोल रूमकडे जवळजवळ पळालेच.

रोजच्या एक्स-रेमध्ये आम्ही हाडं जुळवतो. हाडं जागेवर असली की स्क्रीन हिरवी होते. नाक चोंदलंय की मोकळं आहे, हे त्यात कळत नाही.

आमच्या मुख्य डॉक्टर, सरदेसाई मॅडम, खाली आल्या. बाहेर पेशंटची रांग होती.

"आवाज मोकळा वाटला म्हणून ट्रीटमेंट थांबवलीस?"

"हो."

"आणि तुझा भास असला तर?"

"तर आजचा दिवस वाया. पण खरं असलं, तर सहा डोस चुकीच्या जागी संपलेत."

मॅडमनी बाहेरच्या रांगेकडे पाहिलं. मग म्हणाल्या, सीटी कर.

सीटीची तयारी होईपर्यंत सुरेखाताई बाहेर नवऱ्याजवळ बसल्या होत्या. मी नवऱ्याला गाठलं. प्लॅनिंगच्या वेळी भरलेल्या फॉर्मवर सर्दी-खोकल्याच्या प्रश्नापुढे 'नाही' लिहिलेलं होतं. मी विचारलं, त्या वेळी सर्दी होती का? ते आधी बायकोकडे बघायला लागले.

"होती मॅडम. पण नाय सांगितली. ऑपरेशनच्या टायमाला दोनदा सर्दी म्हणून तारीख पुढे ढकललेली. गाठ वाढत होती ना. परत तेच झालं असतं तर? मग शहाडवरून हिची बहीण आली, तिने आठवडाभर वाफ दिली. आता बरं आहे तिला."

यावर रागावणार तरी कसं? भूल देताना सर्दी चालत नाही, म्हणून त्यांच्या आधीच्या हॉस्पिटलने केलं ते बरोबरच होतं. त्यातून या माणसांनी घेतलेला धडाही त्यांच्या परीने बरोबर होता. चूक होती ती माझी. सूज आहे असं मी गृहीत धरलं होतं, विचारलं नव्हतं.

सीटी आली. पोकळी रिकामी. अडवणारं सर्दीचं पाणी गेल्यामुळे प्रोटॉन ठरल्यापेक्षा काही मिलिमीटर पुढे जात होते. गाठीला डोस मिळत होता, पण ते गाठ ओलांडून डोळ्याच्या नसेत जाऊन थांबत होते.

सहा दिवसांचं गणित पुन्हा केलं. नसेला जेवढं झेपतं त्याच्या आतच आकडा होता. माझ्या ज्युनिअर फिजिसिस्टने सुटकेचा निःश्वास टाकला. माझा मात्र त्या आकड्यावर विश्वास बसेना.

कारण तो आकडा सरसकट नियमाचा होता. प्रोटॉनचा पेशींवरचा परिणाम एक्स-रेच्या एक पूर्णांक एक दशांश पट धरायचा, असा नियम आहे. सोयीचा आहे, बहुतेक ठिकाणी चालतोही. पण शिकत असताना मी लॅबमध्ये जिवंत पेशींच्या बशा बीमच्या वाटेवर वेगवेगळ्या खोलीवर ठेवलेल्या आहेत. डोस सगळ्यांना सारखाच. पुढच्या बशांमधल्या बऱ्याच पेशी सावरायच्या, वाढायच्या, त्यांचे ठिपके मोजता यायचे. बीम जिथे संपतो तिथल्या बशीत ठिपके कमी. प्रोटॉन थांबायला आला की त्याचे घाव अगदी जवळजवळ पडतात. डीएनएचा एक धागा तुटला तर पेशी दुसरा बघून तो सांधते. दोन्ही धागे एकाच जागी तुटले की तिला सांधायला काही उरत नाही. गाठीत हे झालं तर आम्हाला हवंच असतं. इथे ते नसेत झालं होतं. नक्की किती पट, ते छातीठोकपणे कुणीच सांगू शकत नव्हतं.

सरदेसाई मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. पर्याय दोनच होते. उरलेला डोस कमी केला तर नस वाचण्याची शक्यता जास्त, पण गाठीची कड जिवंत राहणार. नाहीतर दिशा बदलून बाजूने जायचं, म्हणजे बीमचं टोक नसेवर येणार नाही आणि वाटेत सायनसही लागणार नाही. दुसऱ्याला पूर्ण नवा प्लॅन लागणार होता, आणि जितके दिवस ट्रीटमेंट बंद तितके दिवस गाठ मोकळी. मी दोन दिवस मागितले. मॅडमनी दिले आणि वर म्हणाल्या, "त्यांना आपण आत्ताच सांगायचं. तू पण चल."

मला जायचं नव्हतं. हे कबूल केलेलं बरं.

मॅडमनी काहीही न लपवता सांगितलं. सर्दीचं मी विचारायला हवं होतं, हे मी सांगितलं. सुरेखाताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत होत्या. नवरा माफी मागायला लागला तसं त्यांनी त्याला हाताने थांबवलं.

"म्हणजे डोळा जाईल?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "जायचा असेल तर लगेच कळत नाही. वर्ष-दोन वर्षं जातात."

"मग दोन वर्षं मी शिवून घेते," त्या म्हणाल्या.

दोन दिवसांनी नवीन प्लॅन लागला. उरलेले डोस सुरळीत झाले. दर आठवड्याला सीटी केली, नसेवर बीमचं टोक येत नाही ना ते प्रत्येक वेळी तपासलं. त्यानंतर त्या दर तीन महिन्यांनी डोळे तपासायला यायच्या, आणि मी काही ना काही निमित्त काढून डोळ्यांच्या डॉक्टरांच्या दाराशी उभी असायचे. त्या तक्त्यावरच्या ओळी वाचायच्या. मी दाराआडून त्या मोजायचे.

परवा तीन वर्षं झाली. शेवटची ओळ त्यांनी वाचली, आणि बाहेर येऊन मला म्हणाल्या, "मॅडम, आता तुम्ही दारात नका उभं राहू. मला टेन्शन येतं."

आमचा फॉर्म आता बदलला आहे. सर्दीच्या प्रश्नाच्या आधी एक ओळ छापली आहे: 'सर्दी असली तरी तुमचा नंबर जाणार नाही.' तेव्हापासून प्लॅनिंगच्या सीटीला येणारा जवळजवळ प्रत्येक जण, न जाणो असली तर, आपल्याला सर्दी असल्याचं सांगतो. निम्म्यांना ती नसतेच. तरी मी प्रत्येकाचं नाक तपासते.