तोंड उघडलं तर हजर

अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात माझ्या मामांइतकं चुकीचं इंग्रजी इतक्या छातीठोकपणे कुणी बोललेलं नाही, आणि मी शपथेवर सांगतो, त्यांच्याइतकं चांगलं इंग्रजी शिकवणाराही या जिल्ह्याने पाहिलेला नाही. वारंगा फाट्याजवळच्या एका शाळेत ते सातवीला इंग्रजी शिकवत. शाळा सुटली तरी शिकवणं सुटत नसे. आखाडा बाळापूरच्या बाजारात सुरकुतलेलं वांगं उचलून 'ब्रदर, धिस ब्रिंजल इज ग्रँडफादर' म्हणत; एसटीत कंडक्टरपुढे हात करून 'वन बाळापूर गिव्ह' म्हणत. मामी वैतागायची. "अवो, भांडताना तरी मराठीत भांडा! मला जवाब देता येऊन न्हाई राहिला." मामा म्हणायचे, "मग शीक की. भांडणात जीभ लवकर सुटते."

पुस्तकातल्या मराठीपेक्षा आपली बोली इंग्रजीला जास्त जवळची आहे, असा त्यांचा सिद्धांत होता. "आपुन 'करून राहिलो' म्हणतो, तेच त्यांचं 'आय ॲम डूइंग'. मंग भेता काहून?" पोरं ते 'राहणं' जसंच्या तसं उचलून इंग्रजीत न्यायची. 'माय मदर कॉटन पिकिंग स्टे.' मामा आधी त्या वाक्याला वर्गाकडून टाळ्या घेत, मग त्याखाली बरोबर वाक्य लिहीत. कुणी हसलं तर त्याला शिक्षा ठरलेली: उभं राहून त्याहून मोठी चूक करून दाखवायची.

पण त्यांचा खरा वेडेपणा हजेरीचा. नाव पुकारलं की 'यस सर' चालत नसे. सकाळपासून काय घडलं त्याचं एक इंग्रजी वाक्य, चुकीचं का होईना, बोलायचं. गप्प राहिलं ते लेकरू पहिल्या बाकावर बसलेलं असलं तरी गैरहजर. "नुसतं बसायला काय, म्हैसबी बसते!" फाट्यावर पंक्चरचं दुकान चालवणाऱ्या एका माणसाची मुलगी, मुस्कान, अशी किती दिवस गैरहजर होती देव जाणे. शेवटी बाप हातातला पाना घेऊनच शाळेत आला. "गुर्जी, बच्ची रोज स्कूल कू आरी, फिर गैरहाजिर कैसे?" मामा म्हणाले, "चाचा, धड येऊन राहिलं, आवाज घरीच राहून राहिला."

त्यानंतर आठवड्याभराने ती उठली. बाक घट्ट धरून म्हणाली, "टुडे आय स्पीकिंग स्टे." आज मी बोलून राहिले! कुणी हसलं नाही. मामांनी हजेरी लावली, चष्मा पुसला आणि त्या दिवशी शिकवायचंच विसरले.

मग तपासणीचे साहेब आले. हजेरीपट पाहून त्यांचं डोकं फिरलं. बसलेली पोरं गैरहजर कशी? त्यांनी नेमकं मुस्कानला उभं केलं. तिने बिचारीने तेच वाक्य म्हटलं, खणखणीत. साहेब पोट धरून हसले. "मराठी धड नाही, अन् निघाले इंग्रजी बोलायला!" साहेब हसले की आपण हसायचं, हे पोरांना कुणी शिकवावं लागत नाही. सगळा वर्ग हसला. ती खाली बसली.

मामा म्हणाले, "सर, नाऊ यू. वन सेंटेन्स." साहेब खाकरले, मोबाइल पाहू लागले. मामांनी शांतपणे हजेरीपटाच्या तळाशी साहेबांचं नाव लिहिलं आणि पुढे मांडलं: गैरहजर.

सही करताना साहेबांनी ते वाचलं. मामांना नोटीस आली. एका लेकराची जीभ भर वर्गात छाटली गेली, त्याची चौकशी मात्र कुणी केली नाही. आता मामा सिद्धेश्वर धरणाकडच्या एका शाळेत आहेत. इंग्रजी त्यांच्याकडून काढून घेतलं. दिवसभर संगणकावर माहिती भरतात. नव्या गुरुजींच्या वर्गात 'यस सर' चालतं आणि मुस्कान तेवढंच बोलते, तेही शेजारणीला ऐकू जाईल एवढंच. मी चिडून साहेबांविरुद्ध पत्रक लिहिलं, छापायच्या आधी मामांना दाखवलं. त्यांनी ते घडी करून खिशात घातलं. "झकास लिहिलंस. पण यानं पोरगी बोलंल का?"

दर रविवारी ते गाडी काढून फाट्यावर मुस्कानच्या बापाच्या दुकानात जातात. चाकात हवा बरोबर असते, तरी हवा भरून घेतात. परवा मी मागे बसलो होतो. मुस्कानने पाण्याचे ग्लास आणले. मामा मोठ्याने म्हणाले, "थँक यू, मॅडम. हाऊ आर यू?" आणि थांबले. ग्लास रिकामा झाला तरी ओठाला लावून थांबले. ती ट्रे घेऊन आत गेली.

मामांनी किक मारली नाही. "ओठ हालले तिचे. पाह्यलंस ना तू?"

मी नीट पाहिलं होतं. हालले नव्हते.

"व्हय मामा," मी म्हणालो, "हालले."