मावशीच्या रोपवाटिकेची वेबसाइट

ओल्या कोकोपीटचा, म्हणजे रोपं लावायच्या नारळाच्या भुशाचा, वास आला की मला शेळगावची ती दुपार आठवते. लोणी देवकरच्या एका कारखान्यातली पॅकिंगची नोकरी सोडून मी बारामतीत वेबसाइट बनवायच्या तीन महिन्यांच्या कोर्सला बसले होते. सरांनी प्रत्येकाला एखाद्या खऱ्या माणसासाठी वेबसाइट करायला सांगितली, म्हणून मी मावशीची रोपवाटिका निवडली. क्लासमधल्या संगणकावर तयार झालेली वेबसाइट देखणी दिसत होती. मी ऐटीत शेळगावला गेले आणि मावशीच्या फोनवर ती उघडून दिली. "झ्याक हाय," मावशी म्हणाली, "पर अर्धी अक्षरं कुठं गेली गं?" रोपांची नावं कडेला तुटली होती, फोन नंबर तर दिसतच नव्हता. माझे डोळेच भरून आले. "मला न्हाय जमायचं हे. जाते परत कारखान्यात." "जा की," ती म्हणाली, "पर आधी माझं पान नीट करून जा." मी तिथंच पालथ्या क्रेटवर लॅपटॉप घेऊन बसले. पान फोनच्या रुंदीत बसवणारी कोडची एक ओळ लिहायची राहिली होती. ती सापडायला दोन तास लागले. तेवढ्यात अंथुर्ण्याचे एक तात्या वांग्याची रोपं न्यायला आले. मावशीनं त्यांच्या फोनवर पान उघडायला लावलं. त्यांनी नंबरावर बोट ठेवलं आणि समोरच मावशीचा फोन वाजला. तिनं तो उचलून ऐटीत विचारलं, "हॅलो, कोण बोलतंय?" "मी हितंच हाय की!" तात्या फोनमध्येच ओरडले. आम्ही तिघंही पोटभर हसलो. कारखान्यात मी परत गेले नाही. आज माझं घर याच कामावर चालतं, आणि कालच मावशीचा निरोप आलाय, झेंडूची रोपंबी पानावर चढव म्हणून.