चढापाशी उतरायचं

शनिवारी सकाळी ते गेले. गाडी इस्पितळाच्या आवारात होती, व्हॅन घरी.

पेती राफ्रे गावात ते आमचे शेजारी. मध्ये बांबूचं कुंपण. पोर्ट लुईच्या सरकारी कचेरीत ते रोज छोट्या पांढऱ्या गाडीने जायचे. गाडी पहिल्या किल्लीला सुरू व्हायची. तिच्याशी कधी एक शब्द बोलताना मी त्यांना ऐकलं नाही.

बोलायचे ते व्हॅनशी, तिला बाय म्हणायचे. गुडलँड्सच्या एका बेकरीवाल्याकडून घेतलेली ती जुनी निळी व्हॅन. ऊन चढलं की आतून अजून पावाचा वास यायचा. रविवारी ते तिच्या बॉनेटवर तळहात ठेवायचे, आपण लेकराचा ताप बघतो तसा. मग कुंपणावरून सांगायचे, "मास्तर, आज बायचं मन नाही." मी संध्याकाळी देवळात मुलांना मराठी शिकवायचो, म्हणून मास्तर.

"विकून टाका तिला," त्यांची बायको म्हणायची.

"मग चतुर्थीला देव कोण नेईल?"

"गाडी नेईल. नाहीतर असं करा, आज बायलाच सांगा जेवण वाढायला!"

ते हात धुवायला जायचे, पण काळं वंगण नखांत तसंच राहायचं.

गणपती समुद्रावर न्यायच्या वाटेवर, उसाच्या शेतांमध्ये, एक चढ आहे. तिथे व्हॅन बंद पडायचीच. "आनू पुसे!" ते खिडकीतून ओरडायचे. चला, ढकला! सगळे उतरायचे. ढकलता ढकलता कुणीतरी झाकडी नाचाचं मराठी गाणं धरायचं, मागून ढोलकी यायची. वर्गात ज्यांच्या तोंडून मराठीची एक ओळ निघत नसे, घरी ज्यांचं सगळं क्रेओलमध्ये चाले, ती पोरं त्या चढावर घसा फोडून गायची. तुम्ही तिथे असता तर तुम्हीही गायला असता.

एका वर्षी व्हॅन अंगणातूनच हलली नाही. देव गाडीतून गेला, त्यांच्या बायकोच्या मांडीवर. आम्ही मागून बसने. वाटेत कुठे थांबणं नाही, की गाणं नाही. गुडघाभर पाण्यात उभे राहून ते म्हणाले, "फार लवकर आणलं देवाला."

पुढच्या चतुर्थीपर्यंत एकही रविवार त्यांनी सोडला नाही. त्या वर्षी मी पूजेचं ताट घेऊन त्यांच्या शेजारी बसलो होतो. चढ आला. व्हॅन चढत होती, छान चढत होती. त्यांनी हळूच किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"पा दीर पेरसॉन, मास्तर." कुणाला सांगू नका. आणि मग खिडकीतून, "आनू पुसे!"

मी ताट सीटवर ठेवून उतरलो आणि ढकलू लागलो.

ते गेल्यावर, तेरावं झाल्यानंतर, एक माणूस व्हॅन विकत मागायला आला. त्यांची बायको दारात आली. तिने पदराला बांधलेली किल्ली सोडून त्याच्या हातावर ठेवली.

"गाडी घेऊन जा. ती कुणाकडेही चालेल."

व्हॅन अंगणात आहे. सुरू होत नाही. चतुर्थीला देव लॉरीतून जातो, आणि चढापाशी लॉरी थांबवून आम्ही सगळे उतरतो.