अक्कानं दिलेला पेला

खालच्या किराणा दुकानात फोन आला तेव्हा माझ्या हातात चिमटा होता आणि चिमट्यात एका बाईंची अक्कलदाढ. दुकानदार जिना चढून आले, दारातच उभे राहिले. त्यांचा चेहरा बघूनच मला कळलं. पण अर्धी हललेली दाढ तशीच सोडता येत नाही. ती काढली. कापूस दाबून धरा, थुंकू नका, आज गरम काही खाऊ नका, हे सगळं नेहमीच्या क्रमानं सांगितलं. बाई जिना उतरून गेल्यावर दुकानदार म्हणाले, "तुमच्या दाजींचा फोन हुता, डॉक्टर. अक्का गेल्या..." त्याला आता दीड महिना झाला. लिहायला बसलो की हात थांबतो, म्हणून इतके दिवस गेले.

अक्का माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. लग्न होऊन अक्का गगनबावड्याकडच्या एका खेड्यात गेली तेव्हा मलाही बरोबर घेऊन गेली, आणि दाजींनी त्यावर हूं की चूं केलं नाही. नऊ वर्षांचा असताना माझी दाढ किडली, गाल टम्म सुजला. लवंगा चावून झाल्या, शेक देऊन झाला, शेवटी तिनं मला एसटीत घालून कोल्हापूरला दातांच्या डॉक्टरांकडे आणलं. मी दारातच हातपाय गाळून बसलो. तेव्हा ती आधी एकटी आत गेली, काय काय करणार ते डॉक्टरांना विचारून आली आणि माझ्यापुढं उकिडवी बसून म्हणाली, "आदी सुई टोचत्यात, मुंगी चावल्यागत. मग गाल जड हुतोय. मग वडल्यागत वाटंल, पर दुखायचं न्हाय. दुखलं तर हात वर कर. मी हाय हितं." मी दोनदा हात वर केला आणि दोन्ही वेळा तिनं डॉक्टरांना थांबायला लावलं. पुढं मुंबईत मी चार वर्षं हे शास्त्र शिकलो, पण याहून उपयोगाचं मला कुणी काही शिकवलं नाही. आजही माझ्या खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाला मी हेच, याच क्रमानं सांगतो.

कोल्हापुरात मंगळवार पेठेत माडीवर दवाखाना काढला तेव्हा दाढ कोरायचं यंत्र पायानं चालवावं लागे, आणि भिंतीला रंग द्यायचा राहूनच गेला होता. अक्का पहिल्या दिवशी आली ती स्टीलचा एक पेला घेऊन. त्यावर नाव घालून आणलं होतं, 'चि. बाबूस अक्काकडून'. म्हणाली, "खुर्चीजवळ ठेव. लोकास्नी चूळ भराय." सगळ्यांनी आग्रह केला म्हणून ती खुर्चीत बसली, पण तोंडावर पदर धरूनच. मी गमतीनं म्हणालो, "आ कर बघू." तशी म्हणाली, "गप रं. थोरल्या भनीचं दात मोजतोस व्हय?" सगळे हसले, मीही हसलो. ते हसणं मला आता आवडत नाही.

कारण अक्का पंधराव्या वर्षापासून मिश्री लावत होती. सकाळ-संध्याकाळ उंबऱ्यात बसून, तंबाखूची ती काळी राख बोटानं हिरड्यांना घासायची आणि उरलेली गालात धरून ठेवायची. मी गावोगावच्या शाळांत बायाबापड्यांपुढं भाषणं ठोकत होतो. मिश्रीनं दात स्वच्छ होत नाहीत, महिन्यातून एकदा आरशात गाल आतून बघा, पांढरा चट्टा दिसला तर दुखत नाही म्हणून थांबू नका... आणि अक्काच्या घरी गेलो की ती मिश्री लावत असताना समोर बसून मुकाट चहा प्यायचो. बाहेर मी मोठा डॉक्टर होतो, तिच्यापुढं चार वर्षांचाच राहिलो.

दोन वर्षांपूर्वी तिच्याकडं जेवायला गेलो होतो. मटणाचा रस्सा तिनंच केलेला, पण स्वतः दुधात भाकरी कुस्करून खात होती. "पित्त झालंय," म्हणाली. ती फक्त उजव्या बाजूनं चावते आहे हे माझ्या लक्षात आलं. मग दवाखान्यात तोंड दाखवायला ये म्हणून मी पिच्छाच पुरवला. महिनाभरानं ती दाजींबरोबर दवाखान्यात आली.

बाहेर बाकावर पाच जण थांबलेले. अक्का खुर्चीत बसली, डोळे घट्ट मिटले आणि म्हणाली, "दोनदा मिश्री लावून आलोय बघ. डॉक्टराकडं घाण तोंड घेऊन यायचं व्हय?" तोंड उघडलं तर आत सगळं काळं. हिरड्या काळ्या, गाल काळे. दुसरी कुणी असती तर मी पेला हातात देऊन सांगितलं असतं, तीनदा चूळ भरा, मग बघू. पण ती माझ्यासाठी तोंड स्वच्छ करून आली होती. तिला चूळ भर म्हणणं म्हणजे तुझं तोंड घाण आहे म्हणणं. जिनं माझं तोंड धुतलं, नाक पुसलं, तिला हे कसं सांगू? मला जमलं नाही. बॅटरी धरली, आरसा फिरवला, अर्ध्या मिनिटात बाहेर काढला. डाव्या गालात काळ्याखाली काही पांढुरकं होतं का... मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. मी म्हणालो, "काही नाही अक्का. मिश्री तेवढी कमी कर." तिनं पदर सारखा केला आणि हलक्या पावलांनी जिना उतरली.

सहा महिन्यांनी दाजींचं पत्र आलं, तोंड उघडायला त्रास होतो म्हणून. मी तशीच एसटी पकडली. या वेळी तिच्या हातात तांब्या दिला. पहिली चूळ काळी, दुसरी काळी, तिसऱ्या चुळीला पाणी स्वच्छ आलं आणि मला डाव्या गालातली जखम दिसली. कडा बोटाला टणक लागत होत्या, कॅन्सरच्या लागतात तशा. दुसऱ्याच दिवशी मिरजेचं इस्पितळ गाठलं. तिथल्या डॉक्टरांनी तिला विचारलं, "बाई, इतके दिवस का थांबलात?" मी शेजारीच उभा होतो. अक्का म्हणाली, "माझ्या भावानं बघितलंय की. डॉक्टर हाय त्यो. कायबी न्हाय म्हणला." तिच्या आवाजात माझा अभिमान होता.

मग वर्षभर किरणांचा शेक, औषधं, नळीनं दूध. शेवटचा भेटलो तेव्हा तिला बोलता येत नव्हतं. मी मनाशी ठरवूनच गेलो होतो. दाजी बाहेर गेल्यावर तिच्या उशाशी बसलो आणि म्हणालो, "अक्का, त्या दिवशी मी नीट बघितलं न्हाय. चूळ भराय लावाय पायजे हुती..." पुढं बोलणार तोच तिनं हात वर केला. तिनंच शिकवलेली खूण. मी थांबलो. मग तिनं तोच हात माझ्या गालावर ठेवला, लहानपणी सुजला होता त्याच गालावर.

आता माझ्याकडं येणारी बाई कितीही वयाची, कितीही मानाची असो, पाणी स्वच्छ येईपर्यंत चूळ भरल्याशिवाय मी आरसा हातात घेत नाही. काही जणी रागावतात. "सकाळीच मिश्री लावून आलोय की, डॉक्टर," म्हणतात. मी म्हणतो, "तरी भरा," आणि अक्काचा पेला पुढं करतो. नाव आता पुसट झालंय, बोट फिरवलं तरच लागतं. त्या दिवशीही तो तिथंच होता, खुर्चीच्या उजव्या हाताला, पाण्यानं भरलेला. मला फक्त तो तिच्या हातात द्यायचा होता.