मामाचा दुपट्टा आणि अमेरिकन घड्याळ

जगातल्या प्रत्येक वस्तूला दात असतात आणि ते पाहिल्याशिवाय तिची किंमत करू नये, असं माझ्या मामाचं ठाम मत होतं. गोंदियाजवळच्या गोरेगावच्या बाजारात तो बैलांची पारख करायचा, पण तेवढ्यावर थांबेल तर मामा कसला! शेजारणीनं नवं जातं आणलं तरी हा वाकून त्याचे दात बघायचा. माझं लग्न ठरताना त्यानं नवऱ्यामुलाला अंगणात दोनदा चालवून पाहिलं आणि म्हणाला, "चाल बरी हाये, देऊन टाका." भाव मात्र तोंडानं कधी सांगायचा नाही. खांद्यावरच्या दुपट्ट्याखाली समोरच्याचा हात धरायचा न् बोटं दाबायची. बैलबाजाराची रीतच ती.

तर माझ्या वडिलांनी लग्नात मला फळीवर ठेवायचं अमेरिकन घड्याळ दिलं होतं. स्वातंत्र्यानंतर पाच-सहा वर्षांनी वडील गेले, न् त्याच साली घड्याळही सारखं थांबायला लागलं. "बंद घड्याळ कायले ठेवायचं?" म्हणत आमच्या यांनी गोंदियाचा एक शेठ ते विकत घ्यायला आमच्या गावी, मुर्रीला, घरी आणला. वडिलांची तेवढीच आठवण; मी ते पदरानं पुसत बसले. न् किंमत करायला बोलावलं कोणाला, तर मामाला!

मामानं घड्याळाचं दार उघडून चाकांचे दात पाहिले. काचेवरच्या रंगीत फुलांवरून बोट फिरवलं. कोपऱ्यातला लाकडाचा पातळ थर सुटलेला पाहून च्यक केलं. मग पेटीला कान लावून बसला. एक टिक लांब, एक आखूड.

"दात शाबूत हायेत. जनावर लंगडून राहिलं फक्त." चंचीतलं सुपारीचं खांड काढून त्यानं डाव्या कडेखाली सरकवलं. घड्याळ एका चालीनं चालू लागलं.

शेठ खूश! दुपट्ट्याखाली त्याचा हात गेला न् चटका बसावा तसा बाहेर आला. "मामाजी, इतने में तो दो जोड़ी बैल आ जाएँगे!"

"मंग बैलच घ्या ना, शेठ. घंटी त्याइच्याही गळ्यात रायते."

शेठ गेला. हे म्हणाले, "मामा, खरी किंमत काय?"

"जावईबापू, ते मालकिणीलेच सांगीन." मामानं माझा हात दुपट्ट्याखाली घेतला. कोणतं बोट दाबतो याची मी वाट पाहत राहिले, तर त्यानं एकेक बोट मिटवून, काही धरून ठेवावं तशी माझी मूठच वळली. अशी खूण बाजारात नाही. "समजलं का वो पोरी?"

यांनी कितीदा तरी विचारलं, "किती म्हणाला?" मी म्हणायची, "तुम्हाले परवडणार नाही."

मामाला जाऊन आता किती वर्षं झाली. परवा सुनेनं झाडताना ते काळं पडलेलं खांड कचरा समजून काढलं, न् घड्याळ लंगडायला लागलं. मी खांड परत सरकवलं. चाल सरळ होईपर्यंत कान लावून उभी राहिले. मग पाहते तर माझी मूठ वळलेली.