प्रकल्पाच्या बाई

ऐंशीच्या आसपास आमच्या कॉलेजात एक सरकारी पत्र आलं आणि स्टाफरूमचा स्वभावच पालटला. लहान गावातल्या प्राध्यापकांनीही संशोधन करावं, त्यासाठी अनुदान मिळेल, असं त्यात होतं. तोवर मधल्या सुट्टीत आमच्या गप्पा बदल्या आणि पेपर तपासणीच्या पलीकडे जात नसत. आता ज्याच्या त्याच्या हातात अर्जाचा नमुना होता.

संशोधनाचा समाजाला उपयोग काय आणि उपकरणं कोणती लागतील, हे दोन प्रश्न त्यात सगळ्यांत वर. रसायनशास्त्रवाल्यांनी नाकाडोंगरीकडच्या खाणींतलं पाणी तपासायला घेतलं आणि त्यांचं काम लगेच झालं. इतिहासाचे सर जन्मभर जुन्या नाण्यांच्या मागे होते, त्यांनी रातोरात तलावांच्या सिंचनाचा इतिहास हाती घेतला. अर्थशास्त्राच्या सरांना आंधळगावच्या हातमागांबद्दल एकाएकी प्रेम वाटू लागलं. मी या सगळ्यांची भरपूर टिंगल केली. मग माझी पाळी आली.

मी मराठी शिकवायची. मला आमच्या भागातल्या बायकांच्या तोंडचे शब्द गोळा करायचे होते. चिखलाचे, पाण्याचे, पावसाचे, अगदी भांडणाचेसुद्धा. गोसीखुर्दला धरण होणार, वैनगंगेकाठची गावं उठणार, हे पक्कं झालं होतं. गावं विखुरली की बोलणंही विखुरेल, त्याआधी वह्या भरून घ्याव्यात, एवढंच माझं म्हणणं. उपकरणांपुढे मी 'पेन, वह्या' असं खरं ते लिहिलं. 'उपयोग स्पष्ट होत नाही' असा शेरा घेऊन अर्ज परत आला. मला राग आला आणि लाजही वाटली.

वनस्पतिशास्त्राच्या सरांना त्याच सुमारास बुडणाऱ्या गावांतल्या झाडांचा प्रकल्प मिळाला. ते म्हणाले, "मॅडम, झाडांची स्थानिक नावं असा एक रकाना आहे यात. तुम्ही या ना माह्यासंगं. शब्द तं शब्द, झाडाचे का असेनात." मी लगेच हो म्हटलं. एका रकान्यापुरती का होईना, माझ्या कामाला जागा मिळत होती.

नदीकाठच्या एका गावात मला एक म्हातारी भेटली. नवरा गेलेला, मुलगा नागपुरात, घरामागे उतारावर तिची झाडं. "कुठून आल्या, बाई?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "प्रकल्पाकडून." संशोधन प्रकल्प, संशोधन प्रकल्प म्हणून म्हणून तो शब्द आमच्या तोंडात इतका बसला होता की पहिला अर्धा मी गाळून टाकला. त्या गावात प्रकल्प म्हणजे एकच, धरण. तिनं मला मोबदल्यासाठी झाडांची नोंद करायला आलेली सरकारी बाई समजून घरात घेतलं, आणि हे मला जवळजवळ वर्षभर कळलं नाही.

दोन महिने दर रविवारी मी एसटीनं तिच्याकडे जात होते. चहा झाला की ती मला एकेका झाडाशी उभं करायची. "हा शेंदऱ्या आंबा, सासऱ्यानं लावला. हा खोबऱ्या. थे चारोळीचं झाड बी लिवा, थे लहान हाये म्हनून सोडू नका." मी मधेच विचारायची, भाताच्या रोवण्याच्या वेळच्या चिखलाला तुम्ही काय काय म्हणता? "चिखल कायले लिवता, बाई? मोह लिवा. मांगं दोन हायेत." मला वाटायचं, म्हातारीला माझा विषय समजत नाही. पुढे पुढे मीच चिखलाचं विचारणं सोडलं. रकाना भरत होता आणि भरलेला रकाना बघून मला बरं वाटत होतं, हे कबूल केलं पाहिजे.

अहवाल गेला. काही महिन्यांनी दिल्लीहून अनुदान देणाऱ्यांचं पत्र आलं, त्यात स्थानिक नावांच्या यादीचं खास कौतुक होतं. सरांनी ते स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचून दाखवलं. पुढच्याच रविवारी मी पत्र पर्समध्ये घालून म्हातारीकडे गेले. म्हटलं, "माय, तुमची झाडं दिल्लीपर्यंत पोचली."

तिचा चेहरा उजळला. "मंग नोंद झाली ना? बरं झालं. मागच्या महिन्यात मोजणीवाले आले होते. मी म्हनलं, माही झाडं प्रकल्पाच्या बाईनं लिहून नेली. मंग थे पुढं गेले."

मी तिच्यासमोर बसले आणि होतं ते सगळं सांगितलं. आम्ही कॉलेजचे, धरणाचे नाही. आमच्या यादीनं तिची झाडं कुठल्याच सरकारी दप्तरात चढलेली नाहीत. ती रागावली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत तिनं विचारलं,

"मंग येवढे दिवस तुमी काय लिहून राहिल्या होत्या?"

"तुमचे शब्द."

"शब्द तं मी कुठंबी घेऊन जाईन, बाई. झाडं कशी नेऊ?"

मी वही काढली आणि तिथेच ओसरीवर बसून सगळी यादी धरणाच्या कार्यालयासाठी अर्जाच्या रूपात उतरवायला घेतली. तीच झाडं, त्याच क्रमानं, चारोळीच्या लहानग्या झाडासकट. दुसऱ्या दिवशी मी स्वतः तो नेऊन देणार होते. यादी संपली, तारीख घातली, खाली तिच्या अंगठ्यासाठी जागा सोडली. मग वर 'अर्जदार' असं लिहिलं आणि थांबले. दोन महिने मी तिच्या घरी चहा प्याले होते. तिचं नाव काय, हे मला तेव्हा पहिल्यांदा तिला विचारावं लागलं.